चाल कुणाची

एकसष्टाव्या वर्षी व्हर्नन प्रूइटचं नशीब पुन्हा एकदा उघडलं आणि नेमक्या त्याच आठवड्यात त्याची झोप उडाली. माणसाची जातच अशी. चौदा वर्षं याचं एकही गाणं कुणी घेतलं नव्हतं, तेव्हा हा गडी ढाराढूर झोपायचा. आता गुरुवारी सकाळी दहा वाजता डेलिया रँकिनसारखी गायिका, जिचा आवाज लागला की ट्रकवाले गाड्या बाजूला घेतात, ती याचं गाणं ध्वनिमुद्रित करणार होती, तर हा छताकडे बघत पडलेला.

नॅशव्हिलमध्ये गाणी लिहिणारे पैशाला पासरी. पेट्रोल भरणारा लिहितो, दात काढणारा लिहितो, पोलीस तुमची गाडी अडवून आधी दंडाची पावती देतो आणि मग स्वतःची कॅसेट. व्हर्न अठ्ठावन्न साली आर्कान्सामधल्या एका कापूसगावातून बसनं आला, तेव्हा तोही त्यातलाच एक. सात वर्षं हॉटेलबाहेर लोकांच्या गाड्या लावल्या. मग एका प्रकाशकाच्या जिन्यावर त्याला ओटिस लॅसिटर भेटला. ओटिस अलाबामाच्या डोंगरावरचा, लांबलचक, शांत, सतत काहीतरी गुणगुणणारा. व्हर्नकडे शब्द होते, ओटिसकडे कान होता. दोघांची गट्टी जमली आणि पुढची नऊ वर्षं रोज सकाळी नऊ वाजता ते एका माडीवरच्या खोलीत बसायचे. दोन खुर्च्या, एक फाटका सोफा, एक कॉफीचं भांडं. त्या खोलीतून सव्वादोनशे गाणी निघाली. त्यातली अकरा कुणीतरी गायली. त्या गावात हा हिशेब वाईट नव्हे, बरं का.

त्या गावची एक रीत आहे. खोलीत जो बसला, त्याचं नाव गाण्यावर लागलं. त्यानं चार ओळी दिल्या, एक दिली, की नुसती मान हलवली, कुणी विचारत नाही. कारण कुणाच्या मान हलवण्यानं कुणाला काय सुचलं, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. ही रीत कुठल्या कागदावर नाही, पण ती मोडणाऱ्याला गाव विसरत नाही.

व्हर्ननं ती मोडली होती. चौऱ्याहत्तर सालच्या एका सकाळी ओटिस आला तोच पेंगुळलेला. सोफ्यावर आडवा झाला, तोंडावर हॅट ठेवली आणि झोपला. व्हर्ननं चाळीस मिनिटांत 'टुपेलोहून पत्र नाही' लिहिलं. शब्दही त्याचे, चालही त्याची. ओटिस घोरत होता. खाली जाऊन व्हर्ननं प्रकाशकाला कागद दिला, त्यावर नाव एकट्याचं. खोटं कुठे होतं त्यात? पण रीत ती रीत. गाणं तीन आठवडे पहिल्या नंबरवर राहिलं. ओटिस एक अक्षर बोलला नाही. दोन महिन्यांनी त्यानं बिऱ्हाड आवरलं आणि तो अलाबामाला डोंगरावर परत गेला. झालं, गावानं दोन अधिक दोन चार केले. व्हर्ननं मित्राचं नाव खाल्लं, बिचारा मित्र तुटून गेला. त्या दिवसापासून व्हर्न कुठल्याही खोलीत शिरला की कुणीतरी म्हणायचंच, "जागे राहा रे, प्रूइट आलाय." सगळे हसायचे. व्हर्नही हसायचा. एकोणीस वर्षं हसला.

आणि त्याला स्वतःलाही तेच वाटत होतं, ही खरी गोष्ट. मॅव्हिसनं, त्याच्या बायकोनं, सुरुवातीला शंभरदा सांगितलं, ओटिसला फोन कर, चूक झाली म्हण, नाव लाव. त्यानं केला नाही. पहिल्या वर्षी लाज वाटली म्हणून, दुसऱ्या वर्षी पहिल्या वर्षी केला नाही म्हणून. मग राहूनच गेलं.

आता हे नवं गाणं. 'दार लोटलंय, लावलं नाही' असं त्याचं नाव. घर सोडून गेलेल्या मुलीला बाप सांगतो, रागानं दार लोटलं होतं बाई, पण कडी घातली नाही, केव्हाही ये. एप्रिलमध्ये एका सकाळी व्हर्न भांडी विसळत असताना हे आलं. वीस मिनिटांत, चालीसकट, वरून कुणी ओतावं तसं. त्यानं ओल्या हातानंच टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं. नॅन कॉफिल्ड नावाची पोरगी आता त्याची प्रकाशक होती, वयानं त्याच्या मुलीएवढी. तिनं ते ऐकलं, खुर्चीतून उठली, खिडकीपाशी जाऊन नाक पुसलं आणि म्हणाली, "व्हर्न सर, हे मी आजच डेलियाकडे नेते." ऑगस्टमध्ये गुरुवार ठरला.

सोमवारी दुपारी तो नेहमीच्या खाणावळीत गेला. एक सामिष आणि तीन भाज्या, गोड चहा, वर मक्याची भाकर. तिथल्या कोपऱ्यातल्या टेबलावर गेली तीस वर्षं तीच म्हातारी मंडळी बसते. जेवणाआधी त्यानं सगळ्यांना बाहेर आपल्या गाडीपाशी नेलं आणि कॅसेट ऐकवली. ही तिथली पद्धत. आपलं गाणं ध्वनिमुद्रित व्हायच्या आधी चार कानांवरून जाऊ द्यायचं. सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकली. मग एकजण म्हणाला, हे मला लहानपणापासून माहीत असल्यासारखं वाटतंय. दुसराही तेच म्हणाला. तिसराही. त्या गावात याच्यापेक्षा मोठी स्तुती नाही. व्हर्न फुलून आत आला, मांस आणि भेंडी मागवली आणि पहिला घास घेतला.

तेवढ्यात हब्बी टिडवेल बोलला. हब्बी स्टील गिटार वाजवायचा, पंच्याहत्तरी गाठलेली, बोलणं कमी आणि कान मात्र कुत्र्याचे. तोंडातला घास न गिळताच तो म्हणाला, "ओटिस गुणगुणायचा ना, तसलंच काहीतरी आहे हे."

एवढं बोलून तो आपला वाटाण्यांकडे वळला. व्हर्नचा घास तोंडातच फिरत राहिला.

घरी येऊन त्यानं ती कॅसेट सतरा वेळा ऐकली. जितकी ऐकावी तितकी त्याची खात्री पटत गेली. एवढी सोपी चाल त्याला कधीच सुचली नव्हती. त्याच्या चाली कशा, ठोकूनठाकून केलेल्या, कुठेतरी खिळा दिसायचाच. ही मात्र अखंड. नऊ वर्षं ओटिस त्याच्या कानाशी गुणगुणत होता. त्यातलं एक डोक्यात कुठेतरी पडून राहिलं असेल आणि भांडी विसळताना वर आलं असेल. हो ना? गाणी लिहिणाऱ्यांना वाघाची भीती नसते, याची असते. पहिल्यांदा नाव गाळलं ती चूक म्हणून खपली. दुसऱ्यांदा म्हणजे धंदाच झाला. नॅनला सांगावं तर डेलिया गुरुवारी दुसरंच काही गाणार आणि ही संधी पुन्हा या जन्मात येणार नाही. न सांगावं तर ज्या दिवशी हे गाणं रेडिओवर लागेल, त्या दिवशी अलाबामाच्या डोंगरावर एक माणूस मान वर करून ऐकेल आणि म्हणेल, आला का परत.

मंगळवारी त्यानं दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा ओटिसची बायको एर्लीन बोलली. पहिल्यांदा त्यानं नाव सांगितल्यावर तिनं फोन ठेवला. दुसऱ्यांदा नाव सांगायच्या आधीच ठेवला.

मॅव्हिसला सगळं सांगितलं तेव्हा ती बटाटे सोलत होती. ती म्हणाली, "उद्या सकाळी गाडी काढ आणि जा. आणि गेल्यावर हवापाण्याच्या गप्पा मारत बसू नकोस. ताकाला जाऊन भांडं लपवायची तुझी जुनी खोड आहे."

"आणि त्याचीच निघाली तर?"

"तर त्याचं नाव लाव. नाही म्हणाला तर गाणं फाड. मला चोराची बायको म्हणून मरायचं नाही, व्हर्न. एकदा म्हणवून घेतलंय तेवढं पुरे."

हे तिनं एकोणीस वर्षांत पहिल्यांदा बोलून दाखवलं होतं. व्हर्नला वाटत होतं, हा टोमणा आपण एकटेच सोसतोय.

बुधवारी सकाळी सहाला निघालेला माणूस साडेनऊला डोंगरावर पोचला. वाटेत त्यानं रेडिओ लावला नाही. ओटिसचं घर चर्चच्या मागे होतं, पांढरं, छोटं, परसात भाजीचा मोठा तुकडा. दार एर्लीननं उघडलं. ती जाड झाली होती आणि केस पांढरे झाले होते, पण डोळे तेच. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "एवढा उशीर लागला होय रस्त्याला?" मग बाजूला झाली. त्या मुलखात दारातल्या माणसाला परत पाठवत नाहीत, म्हणून केवळ.

ओटिस स्वयंपाकघरात टेबलाशी शेंगा सोलत बसला होता. आता तो शाळेची बस चालवायचा आणि रविवारी चर्चमध्ये गाणं चालवायचा. त्यांच्या चर्चमध्ये वाद्य वाजवत नाहीत, नुसते गळे. पुढे उभं राहून, हात हलवत सगळ्यांना एका सुरात ठेवायचं काम 'ब्रदर ओटिस'चं. व्हर्नला पाहून तो उठला. दोघांनी हात मिळवले. दोघांचेही हात म्हाताऱ्यांचे झाले होते. एर्लीननं कॉफी ओतली आणि पाठ करून ओट्याशी उभी राहिली, पण कान इकडेच.

व्हर्ननं बायकोचं ऐकलं. हवापाणी नाही, काही नाही. कॅसेटचं यंत्र टेबलावर ठेवलं आणि सांगितलं की हे माझं म्हणून उद्या ध्वनिमुद्रित होणार आहे आणि चाल तुझी आहे असा मला संशय आहे. तू ऐक आणि सांग. तू जे सांगशील ते मी मान्य करीन.

ओटिसनं पूर्ण ऐकलं. शेंगा सोलायचं थांबवून, डोळे मिटून. मग बोटानं खूण केली, पुन्हा लाव. पुन्हा ऐकलं. मग उठला आणि बाहेरच्या खोलीत निघून गेला. संपलं, व्हर्नला वाटलं, जुन्या कॅसेटी काढायला गेला. शर्टाच्या आत घामाची धार लागली. एर्लीन ओट्याशी उभी राहून त्याच्याकडे बघत होती आणि तिच्या नजरेत कणभरही दया नव्हती.

ओटिस परत आला तो भजनाचं पुस्तक घेऊन. जुनं, निळं, कोपरे झिजलेले. पान उघडून त्यानं व्हर्नसमोर ठेवलं, स्वतः उभा राहिला, उजवा हात वर केला आणि सावकाश, अगदी सावकाश, गायला लागला.

तीच चाल होती. 'दार लोटलंय'ची चाल, पण तिप्पट संथ. प्रत्येक सूर ओढलेला, ओळीच्या शेवटी थांबा घेतलेला. हात मात्र रविवारसारखा हलत होता. दुसऱ्या कडव्याला एर्लीननंही नकळत वरचा सूर धरला, नवऱ्याकडे न बघता, भांडं पुसता पुसता.

आणि व्हर्न एकदम नऊ वर्षांचा झाला. आर्कान्सामधलं लाकडी चर्च, गळ्याशी बोचणारी कॉलर, रविवारचे बारा वाजून गेलेले. पाद्रीबाबांचं प्रवचन संपलेलं आहे आणि आता ते हात पसरून उभे आहेत, कुणीतरी पापी उठून पुढे येईल म्हणून. जोवर कुणी येत नाही तोवर सगळ्यांनी गात राहायचं. पाद्रीबाबा म्हणतात, एक काळीज अजून घट्ट आहे, एक कडवं आणखी. पुन्हा तेच. पुन्हा एक कडवं. आणि घरी कोंबडी तळून थंड होते आहे. पोरं सगळी घड्याळाकडे बघताहेत. ते गाणं व्हर्ननं आयुष्यात हजार वेळा गायलं होतं आणि एकदाही ऐकलं नव्हतं. अहो, ते ऐकतो कोण? त्या वेळी अख्ख्या चर्चची प्रार्थना एकच असते, देवा, कुणालातरी उठव आणि आम्हाला जेवायला सोड.

"मृत्यू कधीचा लिहिलाय बघ खाली, चाल बांधणाऱ्याचा," ओटिस म्हणाला.

व्हर्ननं चष्मा लावला. बारीक अक्षरात साल होतं. माणूस मरून एकशे बारा वर्षं झाली होती.

"मग मी खोलीत गुणगुणायचो ते हेच. दर रविवारी चालवतो मी हे. तू वेग वाढवलास, मधल्या ओळीला एक वळण दिलंस, ते वळण तुझं आहे, चांगलं आहे. बाकी चाल देवाच्या घरची. मालक कुणी नाही."

"टेबलावर सात जण होते रे," व्हर्न म्हणाला. "सगळे चर्चात वाढलेले. एकाच्याही लक्षात आलं नाही. सगळे म्हणाले, लहानपणापासून माहीत असल्यासारखं वाटतंय."

"आहेच की माहीत. सातहीजण त्या वेळी कोंबडीचा विचार करत होते."

व्हर्नचा जीव भांड्यात पडला. पडला म्हणजे असा पडला की त्याला टेबलाची कड धरावी लागली. तो हसायला लागला आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते त्यानं लपवलं नाही. ओटिस खाली बसून पुन्हा शेंगा सोलायला लागला, पण तोही हसत होता. फक्त एर्लीन हसली नाही. तिनं भांडं फळीवर आपटलं आणि म्हणाली, ही चाल देवाची निघाली, छान झालं. आधीच्या गाण्याचं काय?

खोली एकदम गार झाली. व्हर्न म्हणाला की त्याबद्दलही बोलायचं आहे मला. पण ओटिसनं त्याला बोलू दिलं नाही. जेवणाला टोमॅटो लागतील, चल तोडून आणू, असं म्हणून तो टोपली घेऊन परसदारी निघाला. व्हर्न मागोमाग.

टोमॅटोच्या ओळींच्या पार टोकाला, घरापासून लांब गेल्यावर ओटिस थांबला. व्हर्ननं तेवढ्यात सुरुवात केली होती. एकोणीस वर्षं पाठ केलेलं माफीचं भाषण होतं ते, त्यातली ओळन् ओळ घासून गुळगुळीत झालेली. ओटिसनं हात वर करून त्याला थांबवलं, चर्चमध्ये सूर थांबवतो तसा.

"तू नाव लावायला हवं होतंस. रीत आहे ती. वाईट वाटलं मला, नाही म्हणत नाही. आठवडाभर वाटलं."

"आठवडाभर?"

ओटिसनं एक टोमॅटो तोडला, हातात फिरवला, टोपलीत ठेवला. मग दुसरा तोडला.

"मी आटलो होतो, व्हर्न. तुला कळलं नाही का? त्र्याहत्तरपासून माझ्याकडे काहीच येत नव्हतं. तू बोलायचास, मी मान हलवायचो. सकाळी खोलीत यायचं म्हटलं की मला कापरं भरायचं. झोपायचो ते काय उगीच? झोपलेल्या माणसाला कुणी विचारत नाही, तुला काय सुचलं म्हणून. घरी जावं असं वर्षभर मनात होतं. पण गेलो असतो तर लोक काय म्हणाले असते? ओटिस लॅसिटर संपला, पळाला. मग तू ते गाणं दिलंस खाली. आणि अख्ख्या गावानं ठरवून टाकलं की माझ्यावर अन्याय झालाय. मी काही बोललो नाही. अन्याय झालेला माणूस मान वर करून घरी जातो. आटलेला माणूस तसा जात नाही."

पहिल्यांदा व्हर्नला आला तो राग. सणकून आला. एकोणीस वर्षं! प्रत्येक खोलीत, प्रत्येक टेबलावर तो टोमणा. मॅव्हिसचे बटाटे सोलतानाचे शब्द. आणि हा इथे डोंगरावर टोमॅटो पिकवत बसला, अन्याय झालेला माणूस म्हणून. दोन शिव्या त्यानं दिल्याही, चर्चच्या भिंतीला ऐकू जातील अशा. ओटिसनं त्या मान खाली घालून ऐकल्या.

"एर्लीनला माहीत आहे?"

ओटिसनं मान हलवली. नाही. तिला काय सांगणार, तो म्हणाला. तिनं तिथली चांगली नोकरी सोडली, मैत्रिणी सोडल्या, माझ्यावर अन्याय झालाय म्हणून या डोंगरावर आली, आणि इथेही सगळ्यांना तेच सांगत राहिली. दर वर्षी वाटायचं, या वर्षी सांगू. मग मागच्या वर्षी सांगितलं नाही म्हणून या वर्षीही राहायचं.

हे ऐकलं आणि व्हर्नचा राग कुठल्या कुठे गेला. फोन न करण्याचं त्याचं स्वतःचं कारण शब्दन् शब्द हेच तर होतं. दोन माणसं, दोन घरं, साडेतीन तासांचा रस्ता आणि मध्ये एकच मूर्खपणा. छातीवरचा दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवला आहे असं त्याला वाटलं, आणि उचलल्यावर कळलं की दगड दुसऱ्या कुणी ठेवला नव्हता, आपणच घडवला होता. आपण कुणाचं आयुष्य मोडलं नव्हतं. ओटिस तुटला नव्हता. आपण नाव गाळलं, ते वाईटच केलं, पण तेवढंच केलं. तेवढ्याची शिक्षा भोगून झाली. मोकळं वाटलं त्याला. इतकं मोकळं की उन्हात उभ्या उभ्याच त्यानं कोटाची बटणं काढली आणि कोट टोमॅटोच्या काठीवर टांगून दिला.

ओटिस म्हणाला, "मी येतो उद्या तुझ्याबरोबर. खाणावळीत सगळ्यांसमोर सांगतो. एर्लीनला आत्ता सांगतो, जेवायच्या आधी. पुरे झालं हे."

त्याचा आवाज घट्ट होता, पण घराच्या दिशेनं त्याचं पाऊल काही उचलत नव्हतं. सदुसष्ट वर्षांचा माणूस, दर रविवारी दोनशे लोकांसमोर हात वर करून उभा राहणारा, ब्रदर ओटिस. व्हर्ननं टोपली त्याच्या हातून घेतली. भूक लागली आहे, एवढंच तो म्हणाला.

आत आल्यावर आधी मॅव्हिसला फोन करायचा होता, तिचा जीव सकाळपासून टांगणीला लागला असेल. फोन स्वयंपाकघरातच भिंतीवर होता. एर्लीन टोमॅटो चिरायला बसली, ओटिस हात धुवायला नळाशी गेला. मॅव्हिसनं पहिली घंटा पुरी व्हायच्या आत उचलला आणि विचारलं, चाल कुणाची?

"कुणाचीच नाही. चर्चची आहे. जुनं, शेवटी गातात ते भजन, थांबवून ठेवणारं. घरी आल्यावर गाऊन दाखवतो, तू हसशील."

पलीकडून सुस्कारा आला. मग तिनं हळूच विचारलं, आणि ओटिस? काय म्हणाला तो?

व्हर्ननं मान वळवली. ओटिस नळाशी पाठमोरा उभा होता. हात केव्हाच धुऊन झाले होते, पण पाणी वाहतच होतं. एर्लीनची सुरी टोमॅटोवर थांबलेली. ती सरळ व्हर्नकडे बघत होती.

व्हर्नला बोलायला क्षणभरही लागला नाही. आयुष्यात कुठली ओळ त्याला इतकी सहज आली नव्हती.

"ओटिसनं मला माफ केलं, मॅव्हिस," तो म्हणाला. "त्याच्या जागी मी असतो तर केलं नसतं. त्यानं केलं."

पलीकडे मॅव्हिस रडायला लागली. नळ बंद झाला. ओटिस मात्र वळला नाही, दोन्ही हात ओट्यावर टेकून तसाच उभा राहिला, आणि त्याचे खांदे हलत होते. एर्लीननं नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं, मग सुरी खाली ठेवली, उठून त्याच्यापाशी गेली आणि पदराला हात पुसावेत तसे आपल्या एप्रनला पुसून तिनं त्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवला. असा नवरा आपल्याला मिळाला, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

मग तिनं टेबलावर तिसरं ताट मांडलं. शेंगा, टोमॅटो, मक्याची भाकर आणि काल रात्रीची उरलेली तळलेली कोंबडी. सर्वांत मोठा तुकडा तिनं व्हर्नच्या ताटात वाढला आणि म्हणाली, "कोट कुठे ठेवलास तू? परसात विसरलास वाटतं. बस, जेव आधी, मी आणते."